शस्त्र एक, नामे दोन : 'नुजूम-उल-उलूम' आणि 'राज्यव्यवहारकोश'

बंगळूरमधील मल्लेश्वरमला ज्या काडू मल्लेश्वर देवस्थानावरून नाव मिळाले, तेथील १६६९चा शिलालेख एकोजी भोसले यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची नोंद करतो. दाता मराठा, लेखाची भाषा कन्नड, आणि दात्याची सरदारकी विजापूरच्या आदिलशाहीची. या बहुभाषिक राज्यव्यवहाराच्या पार्श्वभूमीवर दोन ग्रंथांतील शस्त्रविचार एकत्र वाचणे उद्बोधक ठरते.

पहिला ग्रंथ 'नुजूम-उल-उलूम'. अली आदिलशाह पहिला याच्या कारकिर्दीत, १५७०-७१मध्ये सिद्ध झालेले हे सचित्र फारसी हस्तलिखित आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. त्याचा कर्ता स्वतः सुलतानच असावा, असेही मत संशोधकांनी मांडले आहे. ग्रहनक्षत्रे, ताईत-यंत्रे, योगिनींशी नाते सांगणाऱ्या 'रूहानी', हत्ती, घोडे यांच्याच पंक्तीला येथे शस्त्रे येतात. त्यामुळे शस्त्र हे केवळ युद्धसाधन न राहता राजाच्या भाग्याशी जोडलेली वस्तू ठरते. चित्र तिला दृश्य रूप देते.

दुसरा ग्रंथ 'राज्यव्यवहारकोश'. शिवराज्याभिषेकाशी (१६७४) संबंधित असलेला हा संस्कृत कोश रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी निगडित आहे. त्यांचे वडील नारोपंत बंगळूरला शहाजीराजांचे कारभारी होते. स्वतः रघुनाथपंतांनीही एकोजींचा कारभार पाहिला होता. कोशातील शस्त्रवर्ग रूढ व्यवहारातील नावांना संस्कृत प्रतिशब्द देतो. येथे चित्र नाही. वस्तूची ओळख वाचकाला आधीच आहे, असे गृहीत धरले आहे.

कोशाकडे सामान्यतः भाषाशुद्धीचा उपक्रम म्हणून पाहिले जाते. तो हेतू नाकारण्याचे कारण नाही. परंतु कोशाची रचनाच त्या हेतूला मर्यादा घालते : जो शब्द हटवायचा, तो आधी उच्चारावा लागतो. परिणामी शुद्धीचा हा ग्रंथ मिश्रभाषेचे दप्तरही ठरतो. मराठीत पुढेही 'समशेर', 'बख्तर' आणि 'ढाल', 'कट्यार' शेजारी नांदले, हे लक्षणीय आहे.

दोन्ही ग्रंथांत प्रत्यक्ष ऋणानुबंध दाखवण्याची गरज नाही. सत्तेला शस्त्रापाठोपाठ शस्त्राचा अर्थही ताब्यात हवा असतो, हे दोहोंतून दिसते. विजापूरने तो ग्रहताऱ्यांत आणि चित्रात शोधला, रायगडाने शब्दात. म्हणून शस्त्रवर्ग केवळ फारसीविरोधाचा दस्तऐवज म्हणून वाचणे अपुरे आहे. ज्या दख्खनी जगाला तो उत्तर देतो, त्याच जगाचा तो वारसही आहे.