पार्श्वभूमीचा लोप

आरशाविना चालणारा कॅमेरा ही तत्त्वतः नवी वस्तू नव्हे. १९२५ साली ऑस्कर बर्नाकने घडविलेला लायका बाजारात आला, तेव्हा त्याच्या पोटात आरसा नव्हता. आरशाचे कॅमेरे पुढे आले, आणि १९५९ च्या निकॉन एफनंतर तर भिंगातले दृश्य वर परावर्तित करून डोळ्याला दाखविणारा व शटर दाबताच झटक्याने उचलला जाणारा तो आरसा हीच सुमारे अर्धशतक गंभीर हौशी छायाचित्रकाराची खूण होऊन बसली. २००८ साली पॅनासॉनिकने ल्युमिक्स जी-१ मधून तो आरसा वगळला, २०१३ मध्ये सोनीने ए-७ मध्ये ३६ बाय २४ मिलिमीटरचा पूर्ण आकाराचा सेन्सर बसविला, २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या जुन्या पेढ्यांनीही आपापल्या नव्या माउंटांसह तीच वाट धरली, आणि २०२० साली कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांनी आरशाच्या कॅमेऱ्यांना संख्येने मागे टाकले. हे सत्तांतर आता पुरे झाले आहे. या नव्या यंत्राने हौशी मनुष्याच्या हातून निघणाऱ्या रोजच्या चित्राचे काय केले, याचा मात्र आपल्याकडे कोणाचीही भीडमुर्वत न बाळगता विचार झालेला दिसत नाही.

प्रथम त्याचे देणे मान्य करणे न्यायाचे होईल. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की उजेड कमी पडतो की जास्त, पांढरे धोतर उन्हात करपते की काय, हे शटर दाबण्यापूर्वीच दिसू लागले, आणि पूर्वी ज्या अंदाजासाठी वर्षानुवर्षे रोल वाया घालवावे लागत, तो अंदाज नवख्याला पहिल्याच आठवड्यात येऊ लागला. भिंगाचे माउंट आणि सेन्सर यांतले अंतर निकॉनच्या जुन्या एफ माउंटात ४६.५ मिलिमीटर होते, ते झेड माउंटात १६ वर आले. या वाचलेल्या जागेत एक पोकळ कडे बसविले की वडिलांच्या कपाटातली जुनी भिंगे, किंवा मुंबईच्या बोरा बाजारात धूळ खात पडलेले रशियन हेलिओस, नव्या बॉडीवर पुन्हा कामाला लागते. डोळा ओळखून त्यावर आपोआप फोकस धरून ठेवण्याची युक्ती तर अशी की, एके काळी लग्नाच्या फोटोग्राफरला जे कौशल्य मिरवण्याजोगे वाटे, ते आता यंत्राच्या पदरी जमा आहे. या लाभांना कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल.

पण याच लाभांच्या पाठोपाठ बाजाराची एक गरज आली. जपानी कॅमेरा-उत्पादकांच्या संघाच्या आकडेवारीप्रमाणे २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्या आत आला. साधा, स्वस्त कॅमेरा मोबाइलने गिळला, तेव्हा उरलेल्या गिऱ्हाइकाला मोबाइलला सहजासहजी न जमणारे असे काही तरी दाखविणे पेढ्यांना भाग होते, आणि ते दाखविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मोठ्या छिद्राचे भिंग व त्यातून लोण्यासारखी वितळलेली पार्श्वभूमी. १.४, १.२ हे छिद्राचे आकडे हौशी मंडळींच्या बोलण्यात असे रुळले की भिंगाची योग्यता जणू त्याच एका आकड्यावरून ठरावी. आणि 'बोके (म्हणजे धूसर पार्श्वभूमीचा पोत) कसा आहे?' हा प्रश्न 'चित्रात काय आहे?' या प्रश्नाच्या आधी विचारला जाऊ लागला.

आज काढल्या जाणाऱ्या रोजच्या चित्रांचे मुख्य वैगुण्य येथेच आहे, असे माझे मत आहे. ५० मिलिमीटरचे भिंग पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १.४ च्या छिद्राने एक मीटर अंतरावरच्या माणसावर धरले, तर स्पष्ट राहणाऱ्या पट्ट्याची खोली जेमतेम तीन सेंटिमीटर असते. डोळा स्वच्छ, पण कान धूसर. आणि कानाच्या मागे जे आहे ते नाहीच. टपरीवरच्या चहावाल्याचे असे चित्र पाहावे, तर त्यात एक तेजस्वी नजर दिसते, दाढीचे खुंट मोजता येतात, पण ती टपरी कोठली, तिच्यावर काय पाटी, शेजारी कोण उभा, रस्त्यावर पाऊस होता की ऊन, याचा मागमूस उरत नाही. तो चहावाला नाशिकचा असेल, नागपूरचा असेल, कोठलाही असेल. ज्या चित्राचे सारे मोल त्याच्या स्थळकाळात, त्याच चित्रातून स्थळकाळाची हकालपट्टी झालेली असते.

साठ-सत्तरच्या दशकांतल्या एखाद्या मराठी घरचा आल्बम यापुढे ठेवून पाहावा. आग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात रोलला बारा चित्रे निघत, भिंगाचे छिद्र बारीक असे, फोकस करण्याची सोयच नसे. आणि या दारिद्र्यामुळेच काही पावलांपलीकडचे सर्व काही बऱ्यापैकी स्पष्ट येई. चाळीच्या गॅलरीत बाळाला कडेवर घेतलेल्या आईचा फोटो आहे. पण आज तो फोटो हातात घेणारे तिच्याकडे क्षणभरच पाहतात, आणि मग बोट सरकते ते कठड्यावर वाळत टाकलेल्या गोधडीकडे, भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडे, पितळी बंबाकडे, शेजारच्या दारातून निम्मी डोकावणाऱ्या बाईकडे. 'ही जोशांची आजी काय हो?' म्हणून घरात वाद रंगतो. फोटो काढणाऱ्याच्या मनात यांपैकी काहीही नव्हते, तरी चित्राने ते दस्तऐवजासारखे जपून ठेवले. आजच्या अडीच-तीन लाखांच्या सामग्रीतून निघालेले त्याच प्रसंगाचे चित्र पन्नास वर्षांनी कोणी पाहिले, तर त्याला आईचा डोळा मिळेल. बंब मिळणार नाही.

मुंबईच्या छायाचित्रणाच्या आरंभकाळातच या दोषाचा एक पूर्वज सापडतो. येथे १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळात विल्यम जॉन्सन याने मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची चित्रे प्रसिद्ध केली, आणि त्यांच्या १८६० नंतरच्या ग्रंथरूप आवृत्तीत अशी तजवीज केली की माणसे एका जागी टिपलेली व त्यांच्यामागची दृश्ये वेगळ्या जागी टिपलेली, आणि दोन्ही छापताना एकत्र केलेली. माणूस आपल्या जागेतून उचलून नमुना म्हणून मांडावयाचा, हा त्यामागचा विचार. आजचा हौशी छायाचित्रकार असा काही हेतू बाळगत नाही, हे उघड आहे. पण वितळलेल्या पार्श्वभूमीतून निघणारा परिणाम त्याहून फार वेगळा नाही.

या नव्या कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या सामानाच्या फेरिस्तीत फार वेळ दवडण्याचे कारण नाही. चामडी पट्टे, अंगठ्याचा टेका, लाकडी शटर-बटण, प्रकाश विरघळविणारे मिस्ट फिल्टर, ही सारी सुबक लेणी आहेत. त्यांतली खरी उपयुक्त वस्तू ओळखावयाची तर ती बहुधा दिसायला नीरस असते. एक जादा बॅटरी, कारण हा कॅमेरा डोळा लावला की सतत वीज खातो. एक रबरी फुगा, कारण भिंग बदलताना पुढे आरशाचा आडपडदा नसल्याने धूळ थेट सेन्सरवर बसते. आणि मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यासाठी, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवणारे कोरडे कपाट. दोन पावसाळे भिंग चामडी पिशवीत बंद ठेवले, तर त्याच्या काचेवर बुरशीचे कोळिष्टक धरते, आणि मग दीड लाखाचे भिंगही जुन्या चष्म्यासारखे पाहू लागते.

रंगांबाबत थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. फुजीफिल्मने आपल्या जुन्या फिल्मांच्या रंगछटा कॅमेऱ्यातच भरून दिल्या, आणि त्यांत फेरफार करून बनविलेल्या 'रेसिपी' हौशी मंडळींत हातोहात फिरतात. छटा निवडण्याची मुभा असणे चांगलेच. पण आज सकाळी काढलेल्या स्वयंपाकघराच्या चित्रावर फिकट, पिवळसर, पंचाहत्तर सालचा रंग चढवावयाचा, म्हणजे आठवण तयार होण्यापूर्वीच तिच्यावर आठवणीचा मुलामा देणे होय. आजच्या स्वयंपाकघरात एलईडीचा निळसर उजेड आहे, स्टीलच्या डब्यांऐवजी प्लॅस्टिकच्या बरण्या आहेत, भिंतीवर चकचकीत टाइल आहे. तो उजेड कुरूप वाटत असेल, पण तो आपला आहे, आणि आपल्या नंतर येणाऱ्यांना तोच पाहावयाचा असणार.

या सर्वाला हौशी संस्थांच्या स्पर्धा आणि सहली खतपाणी घालतात, हे खेदाने लिहावे लागते. सप्टेंबरात कास पठार, हिवाळ्यात भिगवणचे रोहित, आषाढी वारीत दिवे घाट, सोमवतीला जेजुरीचा भंडारा, हा शिरस्ता झाला आहे. आणि एकाच वळणावर उभे राहून शेकडो जणांनी काढलेल्या एकाच दिंडीच्या चित्रांत फरक उरतो तो भिंगाचा. ती स्थळे टाळावीत असे कोणी म्हणणार नाही. तथापि ज्याच्याजवळ स्वतःच्या गल्लीत चाळीस वर्षे राहिल्याचा अधिकार आहे, त्याने त्या गल्लीचे एकही चित्र न काढता भंडाऱ्याची दोनशे चित्रे काढावीत, यात त्या माणसाचे आणि कलेचे, दोघांचेही नुकसान आहे.

याउलट ज्यांचे काम टिकले, त्यांनी काय केले ते पाहावे. होमाई व्यारावाला यांनी दिल्लीला जाण्यापूर्वी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या आपल्या सोबतिणींची आणि शहराच्या नित्य व्यवहाराची चित्रे काढली. ती त्या काळी पती माणेकशा यांच्या नावाने छापली गेली, पण आज त्या पिढीच्या मुलींचे चालणे-बोलणे त्यांतूनच कळते. रघुवीर सिंग यांच्या १९९४ च्या मुंबईवरील ग्रंथात आरसे, काचा, दुकानांची दारे यांतून एका चौकटीत तीन-तीन दृश्ये एकमेकांत शिरलेली दिसतात, आणि त्या दाटीतूनच मुंबई ओळखता येते. सुनी तारापोरवाला यांचा पारशी समाजावरील, २००० साली निघालेला ग्रंथ तर आजी-आजोबांपासून, घरच्या माणसांपासून सुरू झालेल्या कामाचा परिपाक आहे. या तिघांपैकी कोणाच्याही चित्राचा आधार पार्श्वभूमीच्या लोपावर नाही.

नवे यंत्र या कामाला असमर्थ आहे असे मुळीच नाही. उलट याआधीचा कोणताही कॅमेरा त्याच्याइतका समर्थ नव्हता. वरळी, नायगाव, डिलाइल रोड येथल्या बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत, आणि तेथल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या रिकाम्या होत आहेत. अशा एका खोलीत एपीएस-सी सेन्सरचा छोटा कॅमेरा घेऊन पाठ भिंतीला लावावी, १६ मिलिमीटरचे भिंग ५.६ वर ठेवून सव्वादोन मीटरवर फोकस धरावा, की सव्वा मीटरपासून पलीकडच्या भिंतीपर्यंत सारे स्पष्ट येते: मोरी, मांडणी, पोटमाळा, फळीवरचे देव, कपाटाला चिकटवलेले शाळेचे वेळापत्रक, आणि मध्ये बसलेली माणसे. रात्रीच्या ट्यूबच्या उजेडात आयएसओ ३२०० ठेवूनही चित्र स्वच्छ निघते. एक खबरदारी मात्र घ्यावी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, आणि निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने चित्रावर आडवे पट्टे उमटतात. वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की ते बहुतेक नाहीसे होतात.

अशी चित्रे एकेकटी स्पर्धेत पाठविली, तर परीक्षक त्यांच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीत, कारण एकाच चौकटीने दिपवून टाकावे असा आपल्या सलोनांचा दंडक आहे. म्हणून संस्थांनी आपल्या नियमावलीत एक विभाग वाढवावा: एका घराची, एका गल्लीची किंवा एका दुकानाची दहा-बारा चित्रांची मालिका, कागदावर छापलेली, प्रत्येक चित्राच्या मागे माणसांची नावे, ठिकाण आणि तारीख पेन्सिलीने लिहिलेली, आणि भिंग कोणते, छिद्र किती, हा तपशील अर्जात मागूच नये. यासाठी नवा निधी लागत नाही की नवे दालन लागत नाही. पुढच्या वार्षिक सभेत एका ठरावाने हे होण्यासारखे आहे.