इंग्रजी स्वर आणि ग्रीक कान

परभाषेचा उच्चार चुकला कीं सारा दोष जिभेच्या माथीं मारावयाचा, ही रीत जुनी आहे. ग्रीक विद्यार्थी इंग्रजी बोलूं लागला म्हणजे जहाजाचें 'शिप' आणि मेंढराचें 'शीप' त्याच्या तोंडीं एकरूप होतात. शिक्षक त्याला जीभ वळविण्यास सांगतो, विद्यार्थी दहा वेळां तोच उच्चार करतो आणि शेवटीं दोघेही कंटाळतात. आमच्या मतें या खटल्यांत आरोपीच चुकीचा पकडला आहे. विद्यार्थ्याला तो भेद उच्चारतां येत नाहीं, याचें पहिलें कारण तो त्याला धड ऐकूंच येत नाहीं, हें होय.

ही गोष्ट भाषाशास्त्राला नवी नाहीं. निकोलाय त्रुबेत्स्कोय या रशियन पंडिताचा ध्वनिविचारावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १९३९ सालीं प्राग येथें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यानें मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेला चाळणीची उपमा दिली आहे. परकें बोलणें या चाळणींतून गळूनच आपल्यापर्यंत पोहोंचतें, असें त्याचें म्हणणें. उपमा सुंदर आहे. परंतु सुंदर उपमा पुष्कळदां विचाराची जागा बळकावून बसते. म्हणून ग्रीकांच्या उदाहरणावर तिची पारख करून पाहणें आम्हांस इष्ट वाटतें.

आधुनिक ग्रीक भाषेंत स्वर पांचच: आ, ए, इ, ओ, उ. प्राचीन ग्रीकमध्यें ह्रस्वदीर्घभेद होता. तो पुढें लोपला, मात्र लिपींत त्याच्या खुणा राहिल्या. उलट दक्षिण इंग्लंडच्या इंग्रजींत साधे स्वरच अकरा-बारा, संयुक्त स्वर निराळे. इतक्यांना पांच घरांत बसवावयाचें म्हणजे दाटी व्हावयाचीच. मांजराचें 'कॅट', कापण्याचें 'कट' आणि गाडीचें 'कार्ट' यांतील तिन्ही स्वर ग्रीक कानाला 'आ'च्या आसपासचे वाटतात. ग्रीकमध्यें रुळलेले शब्दही हीच साक्ष देतात: 'मॅच'चें 'मात्स' झालें, 'क्लब'चें 'क्लाब' झालें आणि 'टीम'ची 'तिम' झाली. मराठी वाचकाला 'कट' आणि 'कार्ट' यांत घोटाळा वाटत नाहीं, कारण अ आणि आ त्याला घरींच मिळाले आहेत. पण 'कॅट'साठीं आपल्यालाही नवें चिन्ह योजावें लागलें, हें विसरूं नये. येथवर चाळणीची उपमा खरी ठरते.

पुढें मात्र ती अपुरी पडते. चाळण खरोखरच चाळण असती, तर ज्या लांबीला ग्रीकमध्यें स्वरभेदाची किंमत नाहीं ती ग्रीकांच्या कानांतून गळून जावयास हवी होती. तसें होत नाहीं. अँगेलोस लेंगेरिस यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ग्रीक आणि जपानी श्रोत्यांना अकरा इंग्रजी स्वर ऐकविले होते. जपानींत ह्रस्वदीर्घभेद आहे, ग्रीकमध्यें नाहीं. तरी स्वरांची लांबी दोघांनाही जाणवली. म्हणजे मातृभाषेनें न शिकविलेलेंही कानाला कांहीं कळतें. परंतु तेवढ्यानें काम भागत नाहीं. 'शिप' आणि 'शीप' यांतील मुख्य भेद लांबीचा नसून जिभेच्या ठेवणीचा, म्हणजे स्वराच्या रंगाचा आहे. आणि प, ट, क यांसारख्या अघोष व्यंजनांपूर्वीं इंग्रजीचा दीर्घ म्हटलेला स्वर पुष्कळच आंखूड होतो. लांबीवरच भिस्त ठेवणारा तेथें फसतो. 'हा ह्रस्व, हा दीर्घ' एवढेंच सांगणारा शिक्षक त्याला त्याच आडवाटेवर आणखी पुढें ढकलतो.

शिवाय चाळणीचीं भोंकें कायमचीं ठरलेलीं असतात. कान तसा नाहीं. लेंगेरिस आणि व्हॅलरी हेझन यांनीं २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत ग्रीक विद्यार्थ्यांच्या एका गटाला अनेक वक्त्यांच्या आवाजांतून इंग्रजी स्वर ओळखण्याचा सराव दिला होता. बैठका अवघ्या पांच. सरावानंतर स्वर ओळखण्यांत आणि उच्चारण्यांत जे सर्वांत अचूक ठरले, ते मुळांतच बोलण्याबाहेरच्या नादाचा उंच-नीचपणा अधिक बारकाईनें पारखणारे होते. आपल्याकडे गवयाविषयीं 'त्याचा कान तयार झाला' असें म्हणतात. त्रुबेत्स्कोयच्या चाळणीपेक्षां ही आपली साधी बोलीच आम्हांस सत्याच्या अधिक जवळची वाटते.

उच्चारावरून माणसाची विद्या, बुद्धि आणि कुळ तोलणाऱ्यांनीं याचा विचार करावा. खुद्द इंग्लंडांतील शाळांतून शतकानुशतकें होमर इंग्रजी स्वरांनींच वाचला गेला. त्या वाचकांना कोणीं अडाणी म्हटलें नाहीं. मग अथेन्सच्या विद्यार्थ्यालाच हंसावयाचें कां? त्याला आधीं ऐकूं द्या, निरनिराळ्या मुखांतून पुष्कळ ऐकूं द्या. जिभेची परीक्षा मागाहून घ्या.