देवळाबाहेरची हलगी

नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीने आपला शतकोत्तर रौप्यमहोत्सव तीन दिवस साजरा केला. (जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण ज्या मिशनविषयी इथे लिहायचे आहे ते इतिहासात ‘नगरचे मिशन’ म्हणूनच नोंदले गेले आहे, म्हणून जुने नाव ठेवतो.) चित्रप्रदर्शन, कीर्तन, गायनवृंद, एक छोटे नाटक आणि स्मरणिकेचे प्रकाशन असा भरगच्च कार्यक्रम होता. मी बौद्ध. माझ्या आजोळची एक शाखा मात्र दोन पिढ्यांआधीच ख्रिस्ती झालेली. त्या घरातले माझे मामा उत्सव समितीवर होते. ‘तू दलित साहित्यावर लिहितोस, मग आमच्या कार्यक्रमावरही लिही की,’ असे ते म्हणाले. लिहितो आहे, पण मामांना अपेक्षित होते तसे हे लिहिणे होणार नाही, हे त्यांना आधीच सांगून टाकले आहे.

पहिल्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे क्रूस, मागे मुली, आणि सर्वांत पुढे हलगीवाले. तिघे होते. मिरवणूक निघण्यापूर्वी त्यांनी रस्त्याच्या कडेला पाचट पेटवून हलग्या तापवल्या. चामडे ताणले गेल्याशिवाय हलगी बोलत नाही. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. आणि मग जो कडकडाट उठला त्याने सारे गाव दारात आले. मिरवणूक देवळाच्या दारापर्यंत पोचली. क्रूस आत गेला, मुली आत गेल्या, पाहुणे आत गेले. हलगी दारात थांबली. कोणी तिला अडवले नाही; तशी गरजच नव्हती. कुठे थांबायचे हे तिला ठाऊक होते.

आत पेटी, तबला आणि हल्ली सर्वत्र असतो तसा की-बोर्ड. पुढच्या तीन दिवसांत त्या दाराच्या आत हलगी एकदाही वाजली नाही. माझ्या दृष्टीने या संपूर्ण महोत्सवाचे समीक्षण या एका गोष्टीपासून सुरू झाले पाहिजे.

प्रदर्शनाच्या दालनात, म्हणजे शाळेच्या दोन खोल्यांत, बहुतेक चित्रे छापील प्रतिकृती होती. सर्वाधिक प्रतिकृती आंजेलो द फोन्सेका यांच्या चित्रांच्या. फोन्सेका (१९०२–१९६७) मूळचे गोव्यातले, शांतिनिकेतनात शिकलेले, आयुष्याचा मोठा काळ पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेले. त्यांनी मरियेला साडी नेसवली आणि त्याबद्दल गोव्यातल्या धर्मनिष्ठांचा रोष ओढवून घेतला. युरोपीय निळ्या डोळ्यांच्या मरियेपुढे गुडघे टेकायची सवय झालेल्या समाजाला त्यांनी हिसका दिला, हे त्यांचे धैर्य मी नाकारत नाही. पण चित्रापुढे उभा राहून मी स्वतःला विचारले, ही साडी कोणाच्या अंगणातली? ही समई, ही कमळे, ही पद्मासनातली शांत मुद्रा, हे कोणाच्या घरातले? मला तिथे एका सुखवस्तू, सोवळ्या घरातली गृहिणी दिसली. ती विहिरीवर गेलेली दिसत नव्हती, आणि विहिरीवरून हाकलली गेलेली तर नव्हतीच. बेथलेहेमात जिला जागा मिळाली नाही म्हणून जनावरांच्या गोठ्यात बाळंत व्हावे लागले, ती बाई या चित्रात हरवली आहे.

‘भारतीय ख्रिस्ती कला’ या शब्दप्रयोगातली खरी गोम इथे आहे. विसाव्या शतकात चर्चने जेव्हा ‘आपण परके दिसतो, आपण भारतीय झाले पाहिजे’ असे ठरवले, तेव्हा भारतीय म्हणजे काय हे कोणाला विचारले? शास्त्री-पंडितांच्या परंपरेला विचारले. संस्कृत स्तोत्रे आली, ओंकार आला, आरती आली, आश्रम आला. महारवाड्याला आणि मांगवाड्याला कोणी विचारले नाही, आणि मंडळी तर तिथलीच होती! मिशनच्या सुरुवातीच्या काळात काही उच्चवर्णीय धर्मांतरे झाली व त्यांचा गाजावाजाही झाला; परंतु नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जी देवळे उभी राहिली ती अस्पृश्यांच्या बळावर. विशेषतः १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांच्या आगेमागे. प्रस्तुत मंडळीही त्याच काळातली.

याच पार्श्वभूमीवर मला ज्योती साही यांचे एक चित्र आठवत होते. ते या प्रदर्शनात नव्हते. साही यांचा जन्म १९४४ चा, पुण्याचा. त्यांच्या ‘दलित मॅडोना’ या चित्राची कल्पना घरातल्या दगडी रगड्यावरून आलेली आहे. खालचा पोकळ दगड म्हणजे आई, आणि त्यात बसणारा वरचा दगड म्हणजे मूल. एवढेच. समई नाही, कमळ नाही. जी वस्तू बाईच्या हाताला रोज घट्टे पाडते तिच्यातूनच मायलेकरांची आकृती निघते. इथे आशय आणि आकार वेगळे उरत नाहीत. फोन्सेका आणि साही यांच्यात मला जो फरक दिसतो तो रेषेचा किंवा रंगाचा नाही. चित्रकार कोणत्या दारात उभा राहून पाहतो, याचा तो फरक आहे.

दुसऱ्या दिवशीचे कीर्तन रंगले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदे होती, आणि टिळकांची पदे कोणी वाईट म्हणू म्हटले तरी म्हणता येत नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला; मराठी ख्रिस्ती उपासनेला इंग्रजी चालींच्या जोखडातून त्यांनी सोडवले; तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. लक्ष्मीबाईंनी तर ‘स्मृतिचित्रे’त आपल्या मनातली जात कशी झडत गेली हे इतक्या प्रांजळपणे लिहिले आहे की तसा प्रांजळपणा मराठी आत्मचरित्रांत दुर्मीळच. हे सारे मान्य. पण निरूपणकारांनी असे मांडले की टिळकांपूर्वी इथे जणू फक्त परदेशी सूर होते आणि टिळकांनी येऊन मंडळीला गळा दिला. हे खरे नाही. टिळक ख्रिस्ती होण्याच्या कितीतरी आधी नगरच्या मिशनात ख्रिस्ती कीर्तने होत होती. कृष्णराव सांगळ्यांसारखे कवी-कीर्तनकार त्या मातीत होते. तुकोबांच्या पुलाचा उल्लेख तीन वेळा झाला. चोखोबांचा एकदाही नाही. पंढरपूरला महाद्वारासमोर ज्याची समाधी आहे त्याला निदान या देवळात तरी आत घ्यायला काय हरकत होती?

चोखोबांच्या शरणागतीवर आमच्या पिढीने पुष्कळ टीका केली आहे आणि ती मी मागे घेत नाही. पण टीका करण्यासाठी सुद्धा माणूस आधी आठवावा लागतो.

आता हलगीकडे येतो. संध्याकाळी मी मामांना विचारले, ‘मामा, हलगी आत का नाही?’

मामा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, ‘तुला ठाऊक नाही का? तुझ्या आज्याने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, येसकरकी सोडली, ते कशासाठी? बाबासाहेबांनी तुम्हाला हेच सांगितलं ना, की गावकीची कामं टाका? आमच्या लोकांनी ते देवळात येतानाच टाकलं. आता पुन्हा तेच कातडं आत आणायचं?’

हे उत्तर मला हलके घेता येत नाही. ज्या वाद्यावर पाटलाच्या दारात, लग्नात, मढ्यापुढे, बैलपोळ्याला वेठीने वाजवावे लागले, त्या वाद्याची शिसारी येणे हा न्यूनगंड नव्हे. ती स्वाभिमानाची पहिली पायरी असते. शहरातले सुशिक्षित जेव्हा ‘लोककला जपा’ असे आम्हाला सांगतात तेव्हा मलाही राग येतो. जपायची होती तर तुम्ही वाजवायची होती.

तरीही मामांच्या उत्तरात एक फट आहे, आणि ती मी त्यांना दाखवली. देवळात तबला चालतो. तबल्याला काय रेशीम लावलेले असते? तेही कातडेच. कोणीतरी कमावलेले, कोणीतरी मढवलेले. टी. एम. कृष्णा यांनी २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले ते मृदंगम् बनवणाऱ्यांवर. त्या कारागिरांत दलित ख्रिस्ती घराणीच प्रमुख आहेत. वाजवणारा मैफलीत बसतो, बनवणाऱ्याचे नाव कोणाला माहीत नसते. पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेली जागाही ऐन वेळी काढून घेतली. तेव्हा अडचण कातड्याची नाही. ते कातडे कोण बडवतो, याची आहे. आणि आमच्या गावात हलगी वाजवणारे महार नाहीत, मातंग आहेत.

इथे मला माझ्याच घरावर बोट ठेवावे लागते. मंडळीच्या समितीवर नऊजण, सगळे मूळचे महार. मातंग ख्रिस्ती कुटुंबे आहेत, वर्गणी देतात, मागच्या बाकांवर बसतात. मागे का बसतात, याचे उत्तर ‘सवय’. बाबासाहेबांनी ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी जे लिहिले ते त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या पाचव्या खंडात आहे. धर्म बदलला तरी जात देवळाच्या आत शिरते आणि आपले बाक धरून बसते, हे त्यांनी पाहिले होते. ख्रिस्ती महार मातंगाला मागे बसवतो आणि बौद्ध महार या बाबतीत फार पुढे गेला आहे असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

हलगीवाल्या तात्यांशी मी दारातच बोललो. वय सत्तरीच्या पुढे.

‘तात्या, आत वाजवावंसं वाटतं का?’

‘गुरुजी, माझा बाप पाटलाच्या दारात वाजवायचा. मी देवाच्या दारात वाजवतो. दार काय सुटलं नाही.’ आणि ते हसले. हसण्यात कडवटपणा नव्हता, म्हणून मला ते अधिक लागले.

एखादे वाद्य वेठीतून मुक्त करता येते का, हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. त्याची उदाहरणे आहेत. सत्यशोधकांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज घेतला, गण-गौळण बाजूला सारली आणि तोच फड चळवळीचा केला. अण्णा भाऊ साठ्यांनी लोकनाट्य कुठून उभे केले? ज्याला ‘नाच्या-पोऱ्यांचा तमाशा’ म्हणून हिणवले जात होते त्यातूनच. तमिळनाडूत जेम्स थिओफिलस अप्पावू यांनी मदुराईच्या ईश्वरविद्या महाविद्यालयात शिकवताना उपासनेचे सारे गाणे लोकसंगीतात बांधले आणि परई हे वाद्य देवळात आणले. परई म्हणजे आपल्या हलगीचीच बहीण, तिच्यावर अस्पृश्यतेचा तोच शिक्का. सत्यनाथन क्लार्क यांनी १९९८ च्या आपल्या ग्रंथात परैयर समाजाच्या या ढोलातच ख्रिस्ताचे प्रतीक शोधले. या सर्वांच्या आधी, १९८१ साली, बंगलोरला शूद्रांच्या ईश्वरविद्येची मांडणी करणारे व्याख्यान दिले ते अरविंद निर्मळ यांनी. पुढे ‘दलित थिऑलॉजी’ या नावाने जे उभे राहिले त्याचे ते आद्य प्रवर्तक. येशू स्वतःच दलित होता, अशी त्यांची मांडणी. निर्मळ आपले, मराठी माणूस. स्मरणिकेच्या शंभरावर पानांत त्यांचे नाव नाही.

स्मरणिकेविषयी थोडे. अमेरिकन मिशनऱ्यांची छायाचित्रे आठ पाने. त्यांचे ऋण आहेच. शाळा त्यांनी काढल्या, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरहूनच सुरू झाला. पण ज्यांनी पहिल्यांदा बाप्तिस्मा घेतला, ज्यांना गावाने पाणी बंद केले, ज्यांनी या देवळाचे दगड वाहिले, त्यांच्यासाठी एक वाक्य आहे: ‘काही गरीब कुटुंबे प्रभूकडे आली.’ नावे नाहीत. बाप्तिस्म्याची नोंदवही पाळकांच्या कपाटात सुरक्षित आहे, मी ती पाहिली. नावे सगळी आहेत. मग छापली का नाहीत?

याचे कारण कलेच्या बाहेरचे आहे, आणि ते कलेत शिरले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना त्या मिळाल्या. ख्रिस्ती दलितांना नाहीत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ साली धर्माची अट काढा असे सांगितले, तो अहवाल पडून राहिला. २०२२ साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. दरम्यान माणसे जगतात कशी? रविवारी ख्रिस्ती, दाखल्यावर हिंदू. म्हणूनच गायनवृंदाच्या छायाचित्राच्या वेळी दोन तरुण बाजूला सरकले. एकाचा जात पडताळणीचा कागद अडकलेला होता. दोन तास ज्याने सुरेल गायले त्याचा चेहरा स्मरणिकेत नाही. नावे छापली तर आडनावांवरून जात उघडी पडते, आणि जात छापली नाही तर अन्याय सिद्ध होत नाही. या कात्रीत सापडलेली मंडळी समईचे चित्र लावते, कारण समई कोणाचेच नाव सांगत नाही.

नाटकाविषयी लिहिण्यासारखे काही नाही. संवाद पाठ होते. मात्र प्रदर्शनात कोपऱ्यात एका सातवीतल्या मुलीचे खडूचे चित्र होते. येशू शिष्यांचे पाय धुतो आहे, आणि शिष्यांच्या पायांवर भेगा आहेत. उसाच्या फडातल्या पायांसारख्या. बक्षीस त्याला मिळाले नाही. परीक्षकांना प्रमाणबद्धता आवडली नसावी. तीन दिवसांत मी जे जे पाहिले त्यात ख्रिस्त नगर जिल्ह्यात आलेला मला त्या एका चित्रात दिसला.

मामांशी वाद अजून संपलेला नाही. त्यांनी एवढे मान्य केले आहे की पुढच्या महिन्यात आम्ही दोघे आणि तात्यांचा थोरला मुलगा असे तिघे बसून नोंदवहीतली नावे उतरवून घेऊ, आणि स्मरणिकेला पुरवणी काढू. जात लिहायची की नाही, यावर आमचे एकमत झालेले नाही.