स्वखर्च की स्वप्रकाशन? : मराठी लघुअनियतकालिकांचा पुनर्विचार

प्रस्तावना :

साठोत्तरी मराठी वाङ्मयाचा इतिहास लघुअनियतकालिकांना वगळून लिहिता येत नाही. मात्र या चळवळीचे जे विवेचन अभ्यासक्रमांतून रूढ झाले आहे, त्यात 'प्रस्थापितांविरुद्धचे बंड' या एकाच सूत्रावर भर दिलेला आढळतो. 'सत्यकथा' हे प्रस्थापिताचे प्रतीक, त्याविरुद्ध तरुणांचा उद्रेक आणि १९६९ मध्ये झालेले 'सत्यकथे'च्या अंकाचे दहन, एवढ्यावर हे विवेचन थांबते. अंकांत काय लिहिले गेले याची चर्चा होते. अंक कोणी, कशावर आणि किती प्रतींचे काढले, हा प्रश्न दुय्यम ठरतो. वास्तविक पाहता या चळवळीचे खरे मर्म निर्मितीच्या कृतीतच आहे. प्रस्तुत लेखात त्या अंगाने या चळवळीचा विचार केला असून, आजच्या स्वप्रकाशनाच्या व्यवहाराशी तिची तुलना केली आहे.

संकल्पना आणि पूर्वपरंपरा :

इंग्रजीत ज्याला 'झीन' म्हणतात, त्या हस्तनिर्मित, अल्पप्रतींच्या नियतकालिकाचा उगम विज्ञानकथांच्या अमेरिकन वाचकवर्गात झाला. १९३० मध्ये शिकागोहून निघालेले 'द कॉमेट' हे त्याचे पहिले उदाहरण मानले जाते. मराठी लघुअनियतकालिकांचे नातेही अनेकदा पाश्चात्त्य 'लिटल मॅगझिन'शी जोडले जाते. हे नाते खोटे नाही. पण ते अपुरे आहे. महात्मा फुले यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' या नावाने दोन अंक काढले. ठरावीक मुदत नाही, वर्गणीदारांचे बंधन नाही, जेव्हा सांगण्यासारखे असेल तेव्हा अंक काढायचा, असे त्याचे स्वरूप होते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुषतुलना' (१८८२) या पुस्तकाची पाठराखण फुल्यांनी 'सत्सार'मधूनच केली. प्रस्थापित पत्रे ज्या लेखनाला जागा देणार नाहीत, त्याच्यासाठी स्वतःचे पान तयार करावयाचे, ही भूमिका मराठीत अशी फार आधीपासून आहे.

हस्तनिर्मितीचा विचार केला तर याहून मागे जाता येते. युसूफ वडगावपासून फार दूर नसलेल्या अंबाजोगाईत दासोपंतांनी (१५५१-१६१५) 'पंचीकरण' हा विषय लांबलचक कापडी पासोडीवर लिहिला. कागद-पोथीची रूढ चौकट सोडून स्वतःच्या हाताने निर्माण केलेला हा एकप्रतीचा ग्रंथ होय. त्यास नियतकालिक म्हणता येणार नाही हे उघड आहे. तथापि, आशयाला हवे ते माध्यम लेखकाने स्वतः घडवावे, ही गोष्ट बीड जिल्ह्याच्या भूमीला परकी नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

तंत्र आणि स्वातंत्र्य :

१९५० च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर व रमेश समर्थ यांनी 'शब्द' काढले ते चक्रमुद्रित स्वरूपात. मेणाच्या थराच्या स्टेन्सिल कागदावर टंकयंत्राने अथवा टोकदार लेखणीने अक्षरे कोरावयाची, तो कागद शाईच्या रुळावर चढवावयाचा आणि हाताने दांडा फिरवून एकेक प्रत काढावयाची, ही ती पद्धत. एका स्टेन्सिलवर काही शेकडा प्रती निघत. पुढे अक्षरे फाटत जात. म्हणजे प्रतींची मर्यादा यंत्रातच होती. तिचा लाभ असा की, तोटा झाला तरी तो खिशाला सोसवेल एवढाच होई. जाहिरातदाराची मर्जी, वर्गणीदाराची अभिरुची आणि संपादकाची पसंती या तिन्हींपासून लेखक एकदम मुक्त झाला, तो या लहानपणामुळे. 'लघु' आणि 'अनियत' ही विशेषणे उणिवेची नसून स्वातंत्र्याची होती.

पुढे अशोक शहाणे यांचे 'असो', भालचंद्र नेमाडे यांचे औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) निघालेले 'वाचा', राजा ढाले यांचे 'येरू', चंद्रकांत खोत यांचे 'अबकडई' अशी मालिका निर्माण झाली. १९७६ मध्ये 'क्लिअरिंग हाऊस' या कवींच्या सहकारी प्रकाशनातून कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' आले. १९७७ मध्ये शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने 'अरुण कोलटकरच्या कविता' काढल्या. याच 'प्रास'ने प्रसिद्ध केलेल्या 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लहान प्रकाशन म्हणजे कच्चे प्रकाशन, हा समज येथे साफ खोटा ठरतो.

चळवळीच्या मर्यादा :

या चळवळीच्या मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. एक म्हणजे तिचे केंद्र मुख्यतः मुंबई राहिले आणि तिच्या प्रमुख संपादकांत स्त्रिया जवळजवळ दिसत नाहीत. 'स्त्रीपुरुषतुलने'ची पाठराखण करणाऱ्या 'सत्सार'च्या वारशाशी हे विसंगत आहे. दुसरी मर्यादा जतनाची. अल्प प्रती, हलका कागद आणि ग्रंथालयांची उदासीनता यांमुळे अनेक अंक आज सहजी मिळत नाहीत. ताराबाईंचे पुस्तकही विस्मृतीत गेले होते; स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. प्रत्येक हरवलेल्या अंकाला असा संशोधक लाभत नाही.

तिसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. गंगाधर पानतावणे यांनी त्याच काळात मराठवाड्यातून 'अस्मितादर्श' सुरू केले. मात्र ते नियतकालिक म्हणून, आणि ते अनेक दशके चालविले. ज्यांच्या हाती आधी कोणतीच संस्था नव्हती, त्या दलित लेखकांना एका अंकाच्या स्फोटापेक्षा पुढील अंकाची खात्री अधिक मोलाची होती. 'अनियत' असण्याची चैन सर्वांनाच परवडत नाही, हे 'अस्मितादर्श'ने दाखवून दिले. राजा ढाले यांच्यासारखा लघुअनियतकालिकांचा संपादक १९७२ मध्ये दलित पँथरच्या संस्थापकांत दिसतो, यालाही हाच अर्थ आहे : पानावरील बंडाला शेवटी संघटनेची जोड लागते.

आजचा व्यवहार :

आज मुद्रण कधी नव्हे इतके सुलभ आहे. छायाप्रतीचे यंत्र तालुक्याच्या गावी सर्वत्र असते. चार कागद मधोमध दुमडून टाचले की सोळा पानांचा अंक होतो. कागदाच्या एकाच बाजूस समोरासमोर येणाऱ्या दोन पानांच्या क्रमांकांची बेरीज सतरा यावी, एवढे पथ्य पाळले की पानांचा क्रम चुकत नाही. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या कायद्याने पुस्तकांना आपल्या कक्षेतून वगळले आहे. साधने आहेत, तरीही ग्रामीण भागातून नवी अनियतकालिके अभावानेच निघतात.

याचे एक कारण असे की, 'स्वप्रकाशन' या शब्दाचा अर्थच बदलला आहे. लेखकाने पैसे भरावेत, प्रकाशकाने आपले नाव व आयएसबीएन क्रमांक द्यावा आणि गठ्ठे लेखकाच्या घरी येऊन पडावेत, हा व्यवहार सर्वपरिचित आहे. पदोन्नतीच्या गुणांकनामुळे प्राध्यापकवर्गही त्यात ओढला गेला. याला स्वखर्च म्हणता येईल. स्वप्रकाशन म्हणता येणार नाही. पहिल्यात लेखक दुसऱ्याचा शिक्का विकत घेतो. दुसऱ्यात निवड, मांडणी, छपाई आणि वितरण यांची जबाबदारी स्वतः स्वीकारतो. पहिल्यात वाचक नसला तरी चालतो, दुसऱ्यात वाचकाच्या हाती अंक स्वतः नेऊन द्यावा लागतो.

निष्कर्ष :

लघुअनियतकालिकांचे ऐतिहासिक महत्त्व केवळ त्यांच्या बंडखोर आशयात नसून, लेखकाने निर्मितीची साधने आपल्या हाती घेण्यात आहे. या परंपरेचा आरंभ 'सत्सार'पर्यंत मागे नेणे योग्य ठरते. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील असे अंक मिळवून जतन करावेत आणि विद्यार्थ्यांकडून वर्षाकाठी एक तरी सोळा पानी अंक त्यांच्याच निवडीने तयार करून घ्यावा. शिक्षकाने त्यातील शुद्धलेखनाच्या चुका दाखवाव्यात. मजकूर मात्र गाळू नये. ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते सांगण्यासाठी त्यांना कोणाच्या पसंतीची वाट पाहावी लागू नये, हाच या चळवळीचा आजच्या संदर्भातील अर्थ होय.