ऐकीव, पण तपासलेले

‘ऐकीव’ हा शब्द विज्ञानाच्या तासाला आपण नापसंतीनेच वापरतो. ऐकीव माहिती म्हणजे पडताळून न पाहिलेली माहिती. पेटी (हार्मोनियम) ऐकून शिकलेल्या माणसाकडेही आपण काहीसे असेच पाहतो. कारंजा तालुक्यातले धनज घ्या किंवा वऱ्हाडातले दुसरे कोणतेही गाव घ्या. भजनी मंडळात पेटीवर बसणारे पुष्कळ जण ऐकूनच शिकलेले असतात. ‘हात चांगला आहे, पण शास्त्रोक्त शिक्षण नाही’ असे त्यांच्याविषयी म्हटले जाते. यातील ‘शास्त्रोक्त’ या शब्दाची तपासणी करायला हवी.

शाळेत पेटी शिकवण्याची एक रूढ रीत आहे. पट्ट्यांवर सा, रे, ग अशी अक्षरे चिकटवायची, वहीत सरगम लिहून द्यायची आणि मुलांनी अक्षर पाहून पट्टी दाबायची. पंधरा दिवसांत प्रार्थना वाजू लागते. पण गाणारी मुलगी बदलली आणि तिने थोड्या उंच स्वरात सुरुवात केली, की सारे कोसळते.

असे का होते? समजा, ‘सा’ पांढरी एक आहे. मग सा, रे, ग, म, प हे शुद्ध स्वर ओळीने पहिल्या पाच पांढऱ्या पट्ट्यांवर येतात. आता ‘सा’ काळी एक धरा. तेच स्वर काळी एक, काळी दोन, पांढरी चार, काळी तीन आणि काळी चार या पट्ट्यांवर जातात. बोटांचा नकाशा पार बदलला. चाल मात्र तीच राहिली, कारण चाल पट्ट्यांत नसते, स्वरांच्या कंपनसंख्यांच्या गुणोत्तरांत असते. पांढरी एक सुमारे २६२ हर्ट्झ आणि तिचा पंचम ३९२. काळी एक सुमारे २७७ आणि तिचा पंचम ४१५. दोन्हीकडे गुणोत्तर जवळजवळ दीडच. चिकटवलेली अक्षरे मुलाला जागा शिकवतात, गुणोत्तर शिकवत नाहीत.

ऐकून शिकणारा नेमके उलट करतो. गायकाचा ‘सा’ तो आधी शोधतो. पुढचा स्वर कुठे असेल याचा अंदाज बांधतो, पट्टी दाबतो, ऐकतो, चुकले तर बोट सरकवतो. अंदाज, चाचणी, दुरुस्ती! प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो? तेव्हा त्याचे ज्ञान ऐकीव असले तरी न तपासलेले नाही. प्रत्येक स्वर त्याने स्वतः तपासलेला असतो.

या रीतीने किती दूर जाता येते याचे उदाहरण म्हणजे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५). पेटीवादनात ते बहुतांशी स्वयंशिक्षित होते. भास्करबुवा बखले यांना ते गुरू मानत, पण त्यांच्यापुढे बसून रीतसर तालीम घेतलेली नव्हती. जे मिळवले ते ऐकून. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाचे संगीत त्यांचेच.

यावर एक आक्षेप वजनदार आहे: पेटीच कानाला चुकीचे शिकवते. सप्तकाचे बारा समान भाग केल्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार ‘सा’च्या १.२६ पट येतो. तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गांधार १.२५ पट असतो. शिवाय पेटीवर मींड निघत नाही. अशाच कारणांवरून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली. ती शिथिल व्हायला १९७१ उजाडले. आक्षेपातली मोजमापे बरोबर आहेत. पण त्यावरून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की कानाला केवळ पेटीच्या हवाली करू नये. तंबोरा आणि माणसाचा गळाही ऐकवावा. कान बंद करून अक्षरे वाचावीत, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

स्वरलेखन निरुपयोगी आहे असेही नव्हे. भातखंडे आणि पलुसकर यांनी स्वरलेखनाच्या पद्धती रुजवल्या नसत्या, तर कितीतरी बंदिशी ज्या त्या घराण्याबरोबर संपल्या असत्या. केवळ ऐकून शिकणाऱ्याची एखादी चूक पिढ्यान् पिढ्या तशीच चालू राहते. ती लिखितामुळे सापडते. प्रश्न क्रमाचा आहे. मूल आधी बोलते, मग अक्षरे गिरवते. संगीतात आपण गिरवण्यापासून सुरुवात करतो आणि मग ‘याला कान नाही’ असा शेरा मारतो. ही मुलावर अन्यायाची गोष्ट आहे, कारण त्या कानाला आपण काम दिलेलेच नसते.

करून पाहण्याजोगा प्रयोग सोपा आहे. पट्ट्यांवरची अक्षरे काढून टाका. सर्वांना पाठ असलेल्या गाण्याची एकच ओळ घ्या आणि ‘सा’ रोज बदला: आज पांढरी एक, उद्या काळी एक, परवा पांढरी चार. बोटे चुकतील, चुकू द्या. पट्टी सांगू नका, पुन्हा गाऊन दाखवा. ओळ कोणत्याही ‘सा’वरून वाजू लागली, की मग वहीत सरगम लिहायला सांगा. तोवर ‘सा, रे, ग’ ही मुलांना जागांची नव्हे, नात्यांची नावे वाटू लागलेली असतील.