वंशावळींतून निसटलेला कारभार

करवीर व इचलकरंजी या दोन घराण्यांच्या ज्या वंशावळी आजवर छापल्या गेल्या, त्यांत पुरुषांचीं नांवें क्रमवार मिळतात. प्रत्यक्ष कारभार कोणाचा होता, हें मात्र त्यांवरून कळत नाहीं. आमचा आक्षेप या मांडणीवर आहे.

करवीरच्या यादींत साधारणपणें संभाजीमहाराजांची अखेर १७६० त व दत्तक शिवाजीमहाराजांचा आरंभ १७६२ त दाखवितात. मधल्या काळांत गादी रिकामी असली, तरी राज्य निर्नायकी नव्हतें. पेशवे तें खालसा करूं पाहत असतां जिजाबाईंनीं सवत कुसाबाई गरोदर असल्याचें सांगून काळ काढला व अखेर खानवटकर भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. इंग्रजांनीं १७६५ त मालवण घेतलें. पुढील वर्षीं त्यांचा तह झाला तो जिजाबाईंशींच. १७७३ त त्या वारल्या. तरी यादींत १७६२ पासून १८१३ पर्यंतचा सारा काल एकाच नांवाखालीं जातो.

इचलकरंजीचें उदाहरण याहून बोलकें आहे. व्यंकटराव घोरपडे १७४५ त वारले. यादी लगोलग पुत्र नारायणरावांकडे वळते आणि १७७० नंतर नातू व्यंकटरावांकडे. परंतु करवीरकर व पेशवे यांच्यामध्यें पडलेली ही सरहद्दीवरील जहागीर १७८३ पर्यंत सांभाळली ती बाळाजी विश्वनाथांच्या कन्या अनूबाई यांनीं. बाजीरावांची बहीण म्हणून पुणें दरबारीं त्यांचें वजन होतें, हें खरें. पण नुसत्या माहेरच्या बळावर अडतीस वर्षें जहागीर चालत नाहीं. कै. वासुदेवशास्त्री खरे यांनीं इचलकरंजीचा इतिहास लिहिला, म्हणून ही कर्तबगार बाई आज आम्हांस ठाऊक. यादीकारांनीं तो ग्रंथ उघडला होता कीं नाहीं, अशी शंका येते.

अमेरिकेंत कॅन्सस प्रांतीं अर्गोनिया या नव्यानें वसलेल्या गांवांत सुझाना सॉल्टर १८८७ त नगराध्यक्षा झाल्या. त्या निवडून आलेल्या; म्हणून पदापुढें त्यांचेंच नांव लागलें. आमच्याकडे पद मुलाचें, शिक्का मुलाचा आणि हुकूम आईचा.

म्हणून संग्राहकांस आमचें सांगणें इतकेंच कीं, रुमालावर नांव घालतांना केवळ शिक्का पाहून थांबूं नये. पत्र कोणास उद्देशून आहे, मायना कसा आहे, उत्तर कोणाकडून मागितलें आहे, हें वाचावें. घोरपडे दप्तरापैकीं १७४५ ते १७८३ मधील कागद हातीं आल्यास धन्याच्या नांवाशेजारीं अनूबाईंचेंही नांव टिपावें. रुमाल एकदां फुटून चार घरीं गेला, कीं मग तो कागद कोणाच्या कारभारांतला, हें पुढच्या वाचकास कोणी सांगणार नाहीं.