मराठी माध्यमातील पदवी स्तरावरील अर्थशास्त्र आणि व्यवसायसंधी : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : अर्थशास्त्र, पदवी अभ्यासक्रम, मराठी माध्यम, रोजगार

प्रस्तावना

अर्थशास्त्र हा विशेष विषय निवडताना कला शाखेचा विद्यार्थी हमखास विचारतो, 'सर, हा विषय घेऊन पुढे काय करता येते?' आपले उत्तर ठरलेले असते : स्पर्धा परीक्षा, बँक, प्राध्यापकी, संशोधन. हे उत्तर खोटे नाही. परंतु त्या दारांपर्यंत जाण्याची तयारी आपण करून घेतो काय, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

परंपरा आणि वर्तमान

मराठीत आर्थिक चिंतनाची परंपरा नाही, असे म्हणता येणार नाही. रामकृष्ण विश्वनाथ यांनी 1843 मध्येच हिंदुस्थानच्या आर्थिक स्थितीवर मराठीत ग्रंथ लिहिला. न्या. रानडे यांनी 1892 मध्ये पुण्यातील व्याख्यानात पाश्चात्त्य सिद्धांत भारताला जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हे सांगितले. दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग खर्चाच्या आकडेवारीवरून 2250 उष्मांकांचा निकष लावून दारिद्र्याचे मापन केले. सिद्धांत तपासणे आणि आकडेवारीला प्रश्न विचारणे, हे या परंपरेचे मर्म होय.

आपल्या वर्गात मात्र स्मिथ, मार्शल आणि रॉबिन्स यांच्या व्याख्या, त्यांचे गुणदोष आणि टीपा यांतच बराचसा काळ जातो. मागणीच्या लवचिकतेचे पाच प्रकार विद्यार्थी अचूक लिहितो. परंतु लासलगावच्या बाजारातील कांद्याची आवक आणि भाव यांचा तक्ता समोर ठेवला, तर तो गोंधळतो. दोष त्याचा नाही. तसा तक्ता त्याच्यासमोर आपण कधी ठेवलेलाच नसतो.

व्यवसायसंधींच्या अटी

1961 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेस अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते आणि सर्व उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. लेखी परीक्षेच्या 1000 गुणांपैकी 800 गुण अर्थशास्त्राच्या चार प्रश्नपत्रिकांना आहेत. 2021 पासून सुरू झालेल्या 'जॅम'च्या अर्थशास्त्र विषयात गणित आणि संख्याशास्त्र यांचा समावेश आहे. आपले बहुसंख्य विद्यार्थी मात्र दहावीनंतर गणिताला रामराम ठोकून आलेले असतात. परिणामी ज्या पदांसाठी अर्थशास्त्राचे ज्ञान खरोखर आवश्यक आहे, तीच त्यांना दुरावतात. उरते ती पदवीधर असणे एवढीच अट असलेली परीक्षा, किंवा सेट-नेटनंतरही तासिका तत्त्वावरील अध्यापन.

प्रस्तुत लेखकही याच वाटेने आला आहे. एम.फिल.च्या प्रबंधिकेसाठी रिग्रेशन समजून घेताना अकरावीत सोडलेल्या गणिताची किंमत कळली. ती कोणी आधी सांगितली असती, तर दोन वर्षे वाचली असती.

एक आक्षेप

पदवी शिक्षणाचा हेतू नोकरी नव्हे, तर विचारक्षम नागरिक घडविणे हा आहे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो तत्त्वतः मान्य आहे. परंतु अर्थसंकल्पातील राजकोषीय तूट वाचता न येणारा पदवीधर नागरिक म्हणूनही अपुराच ठरतो. पाठांतराने नोकरी मिळत नाही आणि विवेकही येत नाही. त्यामुळे ही दोन उद्दिष्टे परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही.

समारोप

अभ्यासक्रम ठरविणे एकट्या शिक्षकाच्या हाती नसते, हे खरे. तरीही काही गोष्टी आपल्या आवाक्यात आहेत. प्रथम वर्षातच पायाभूत गणिताचे पूरक वर्ग घेता येतील. 2017-18 पासून होणाऱ्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाची आकडेवारी विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यावर छोटे प्रकल्प देता येतील. संकल्पना मराठीतच शिकवाव्यात, मात्र प्रत्येक संज्ञेचा इंग्रजी पर्याय सोबत द्यावा आणि आठवड्यातून एक इंग्रजी उतारा वाचून घ्यावा. मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद'सारख्या नियतकालिकातील एखादा लेख वर्गात चर्चेस घेणेही अवघड नाही.

'पुढे काय?' हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी अनेकदा घरातील पहिलाच पदवीधर असतो. त्याची तीन वर्षे आपल्या उत्तरावर उभी राहतात. म्हणून ते उत्तर देताना संधींबरोबर त्यांच्या अटीही पहिल्याच दिवशी सांगणे, हे अर्थशास्त्राच्या शिक्षकाचे किमान कर्तव्य ठरते.